हिऱ्याचा रंग पक्का, भाव कच्चा

आम्ही कापडाच्या धंद्यातले. भिवंडीत गादीवर बसून तीस वर्षे झाली. या तीस वर्षांत गिऱ्हाइकाने सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच, "शेठ, रंग पक्का आहे ना? धुतल्यावर जाणार तर नाही?" या प्रश्नाचे उत्तर देता देता केस पांढरे झाले. त्यामुळे रंगाचा विषय निघाला की आपल्याला सगळे कळते, असा एक गर्व आमच्या मनात होता. तो गर्व कसा उतरला, ते आज या पानावर सांगायचे आहे.

सध्या हाच प्रश्न हिऱ्याच्या बाबतीत विचारला जातो. खाणीतून न काढता यंत्रात वाढवलेला हिरा, ज्याला बाजारात कोणी 'लॅबग्रोन' म्हणतो, कोणी 'सीव्हीडी', तो आता मंगनीच्या आणि शादीच्या अंगठ्यांत सर्रास दिसू लागला आहे. ज्या घरांत पूर्वी हिऱ्याचे नाव निघत नव्हते, त्या घरांतही तो आला. त्याच्याबरोबर एक बोलवाही आली, "हा खडा दोन-चार वर्षांत पिवळा पडतो." हे वाक्य आम्ही ऐकले आणि पुढे चार लोकांना ऐकवले. शहानिशा केली नाही.

एका अंगठीची गोष्ट

आमच्या धाकट्या बहिणीच्या मुलीची मंगनी झाली. मुलाकडच्यांनी पांढऱ्या सोन्यात जडवलेली एका खड्याची अंगठी घातली. त्यांनी काही लपवले नव्हते. खडा लॅबमधला आहे, हा त्याचा कागद, असे त्यांनी चार लोकांत सांगितले. पाहुणे गेल्यावर घरच्या बैठकीत आम्ही मात्र मोठेपणाने बोलून गेलो, "फॅक्टरीचा माल आहे. कच्च्या रंगाच्या कापडासारखा. दोन वर्षांत रंग सोडील."

लग्न झाले. सव्वा वर्षाने भाची माहेरी आली आणि हात पुढे करून म्हणाली, "मामू, तुम्ही म्हणाला होता तसंच झालं. खडा पिवळा दिसतोय."

खडा खरोखरच पिवळसर दिसत होता. बहिणीने ते मनाला लावून घेतले. बोलता बोलता एक शब्द व्याह्यांच्या कानी गेला की, मुलीला हलका माल घातला. व्याही इभ्रतदार माणूस. ते अंगठी घेऊन थेट सराफाकडे गेले. सराफ म्हणाला, आम्ही दिला तो खडा पांढराशुभ्र होता, हा तो नव्हेच. मग संशय कोणावर? मध्यंतरी अंगठी सैल झाली म्हणून ज्या जडाई कारागिराकडे दिली होती, त्याच्यावर. त्याने खडा बदलला असे ठरले आणि त्याचे काम बंद झाले. एकाही माणसाने भिंग हातात घेतले नव्हते. पुरावा म्हणून लोक आमचेच वाक्य सांगत होते.

आमचा माल मुंबईच्या मंगलदास मार्केटातून येतो आणि तेथून झवेरी बाजार पायी चालण्याच्या अंतरावर आहे. पुढच्या खेपेला आम्ही अंगठी आणि तिचा कागद बरोबर घेतला आणि तेथील एका जाणकाराकडे गेलो. त्याने भिंगातून खड्याची कड पाहिली. कडेवर लेझरने कोरलेला बारीक नंबर असतो. तो कागदावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला. म्हणजे खडा तोच होता. मग त्याने खडा अंगठीतून काढला, कोमट पाण्यात साबण घालून मऊ ब्रशने धुतला, पुसला आणि पांढऱ्या कागदावर उलटा ठेवला. खडा पहिल्या दिवसासारखाच पांढरा.

पिवळे पडले होते ते सोने. पांढरे सोने म्हणजे सोन्यात दुसरे धातू मिसळून फिके केलेले सोने. त्याचा मूळचा रंग किंचित पिवळटच असतो. वर रोडियम या धातूचा पातळ मुलामा चढवतात, म्हणून ते चांदीसारखे चमकते. रोजच्या वापराने हा मुलामा झिजतो, खालचा पिवळटपणा उघडा पडतो आणि पारदर्शक खड्यात त्याचीच झाक दिसते. त्यात भर खड्याच्या मागे साचलेल्या साबण-तेलाची. पुन्हा रोडियम केले, काही शे रुपये लागले, अंगठी नव्यासारखी झाली.

त्या कारागिराच्या घरी आम्ही स्वतः गेलो आणि माफी मागितली. तो म्हणाला, "शेठ, पंधरा दिवस घरी बसलो त्याचे काही नाही. पण मुलगा रोज विचारायचा, अब्बा, तुम्ही दुकानात का जात नाही?" यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. तेव्हापासून हा विषय नीट समजून घ्यायचा असे ठरवले. जाणकारांना विचारून जे पक्के कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

हा हिरा आहे की नकली?

पहिली गोष्ट ही की, लॅबमधला हिरा हा हिराच आहे. कार्बनचे अणू हिऱ्याच्या रचनेत बसले की झाला हिरा, मग ते जमिनीच्या पोटात बसोत की यंत्रात. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ट्रेसी हॉल यांनी डिसेंबर १९५४ मध्ये असा हिरा तयार केला. सुरुवातीचा माल बारीक, कापण्या-घासण्याच्या कामाचा होता. दागिन्यात बसेल असा खडा त्याच कंपनीने १९७० मध्ये तयार केला.

आज दोन रीती चालतात. एका रीतीत पन्नास-साठ हजार वातावरणांइतका दाब आणि तेराशे ते सोळाशे अंश सेल्सिअस उष्णता देऊन कार्बन वितळलेल्या धातूतून हिऱ्याच्या बीजावर बसवतात. हिला 'एचपीएचटी' म्हणतात. दुसऱ्या रीतीत हिऱ्याची पातळ चकती बंद भांड्यात ठेवून मिथेन आणि हायड्रोजन हे वायू सोडतात, ते प्रचंड तापवतात आणि कार्बन थरावर थर चढत जातो. ही 'सीव्हीडी'. काही आठवड्यांत खडा तयार होतो. आपल्या देशात सुरत हे या कामाचे मोठे केंद्र आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात सरकारने बीजावरील आयात कर काढला आणि आयआयटी मद्रासला संशोधनासाठी पाच वर्षांकरिता २४२ कोटी रुपये मंजूर झाले.

मग "खोटा खडा काळा-पिवळा पडतो" ही समजूत आली कोठून? ती आली 'अमेरिकन डायमंड'वरून. हा हिरा नव्हे. ती क्युबिक झिर्कोनिया नावाची वेगळीच वस्तू. १९७६ पासून ती बाजारात आहे. तिची कठीणता हिऱ्यापेक्षा पुष्कळ कमी. धूळ आणि घासणे यांनी तिच्यावर ओरखडे उठतात, धारा बोथट होतात आणि खडा निस्तेज दिसू लागतो. आपल्या घरोघरी तीस-चाळीस वर्षे हा अनुभव आला. तोच हिशेब आपण लॅबच्या हिऱ्याला लावला.

रंग कोठे बसलेला असतो?

आता मुद्द्याचे. कापडाचा रंग का जातो, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको. रंग ही बाहेरून आणून धाग्याला लावलेली वस्तू आहे. पकड कच्ची असेल तर धुण्यात निघतो. पकड पक्की असली तरी उन्हाने रंगाचा कण तुटतो आणि कापड फिके होते. मात्र सूत काढण्यापूर्वीच रंग मालात मिसळला, ज्याला आपण डोप डाइड म्हणतो, तर तो सहसा हलत नाही. कारण तो धाग्यावर नसून धाग्यात असतो.

हिऱ्याचा प्रकार याच्याही पुढचा आहे. कार्बनच्या जाळ्यात, दहा लाख अणूंमागे मोजक्या जागी नायट्रोजनचा अणू बसला की हिरा पिवळा दिसतो. बोरॉनचा अणू बसला की निळा. जाळ्यातच काही जागा रिकाम्या राहिल्या किंवा वेड्यावाकड्या जुळल्या की तपकिरी झाक येते. असा रंग धुऊन निघत नाही, घासून निघत नाही, उन्हाने उडत नाही. नायट्रोजनचा अणू आपल्या जागेवरून हलवायचा तर भट्टीची प्रचंड उष्णता लागते. बोटातल्या अंगठीला ती कधीच मिळत नाही. उलटही तितकेच खरे. जो खडा नायट्रोजनशिवाय पांढरा वाढला, त्यात पुढे हवेतून किंवा घामातून नायट्रोजन शिरून तो पिवळा होणार नाही. हिऱ्यात शिरायला वाट नसते.

कोणी म्हणेल, लॅबचा हिरा कालचा, शंभर वर्षांनी काय होईल ते कोणी पाहिले? रास्त प्रश्न आहे. पण रंग धरणारी रचना कालची नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात होप हिरा आहे. तो आपल्या गोवळकोंडा मुलखातून गेला असे मानले जाते. सतराव्या शतकात तावेर्निए नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने तो फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला विकला. तेव्हाही तो निळा होता, दोनदा कापला गेल्यावर आजही निळाच आहे. त्याचा निळेपणा बोरॉनमुळे आहे आणि लॅबमध्ये वाढवलेल्या निळ्या हिऱ्यातही बोरॉनच असतो. कारण तेच, जाळे तेच, मग टिकाऊपणा वेगळा कसा असेल?

पूर्ण सत्य सांगायचे तर

एवढे सांगून थांबलो तर तीही अर्धी गोष्ट होईल. काही अपवाद आहेत आणि ते व्यापाऱ्याला माहीत असले पाहिजेत.

सीव्हीडीचे पुष्कळ खडे यंत्रातून निघतात तेव्हा तपकिरी छटेचे असतात. त्यांना पुन्हा मोठा दाब आणि उष्णता देऊन पांढरे करतात. हा पांढरेपणा कायमचा आहे, तपकिरी रंग परत येत नाही. पण प्रक्रिया झाली ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगायला हवी. चांगल्या प्रयोगशाळेच्या कागदावर तसा शेरा असतो. तो वाचून दाखवावा.

काही सीव्हीडी खडे तपासणीच्या यंत्रातील तीव्र अतिनील किरणांखाली धरले की थोडा वेळ निळसर किंवा राखाडी दिसतात. झगझगीत प्रकाशात ठेवले किंवा किंचित तापवले की मूळ रंगावर येतात. हा बिघाड नव्हे. खाणीच्या हिऱ्यांतही 'शॅमेलियन' म्हणजे सरडा नावाची दुर्मिळ जात आहे. ती अंधारात ठेवली किंवा तापवली की हिरवटाची पिवळी होते आणि उजेडात परत हिरवट.

गुलाबी, हिरवे, निळे असे काही रंगीत खडे किरणांचा मारा करून रंगवलेले असतात, मग ते खाणीचे असोत वा लॅबचे. रोजच्या वापरात हा रंग टिकतो, पण दुरुस्तीच्या वेळी फुंकणीच्या जाळाने बदलू शकतो. आणि ज्या खड्यावर नुसता रंगाचा पातळ लेप चढवला असतो, त्याचा रंग मात्र सरळसरळ कच्चा. घासण्याने, तेजाबाने, जाळाने तो निघतो. असा माल सांगून विकला तर व्यापार, न सांगता विकला तर फसवणूक.

कारागीर बंधूंसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. कोणताही हिरा, खाणीचा असो की लॅबचा, उघड्या हवेत सातशे-आठशे अंशांच्या पुढे तापला की वरून जळू लागतो आणि धुरकट पांढरा होतो. बोरिक पावडरीचा लेप दिल्याशिवाय खड्यावर जाळ नेऊ नये. धुरकट झालेला खडा पुन्हा पॉलिश करून निघतो, पण वजन घटते आणि ठपका कारागिरावर येतो.

राहिला घरातला पिवळेपणा. हिऱ्याला तेल फार लवकर चिकटते. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या खाणीवर ग्रीस फासलेल्या टेबलांवरून खडी आणि पाणी सोडत. खडी वाहून जाई, हिरे ग्रीसला चिकटून राहत. तोच गुण बोटातल्या अंगठीला भोवतो. कणीक, हातावरचे तेल, क्रीम, साबण सगळे मागच्या बाजूला साचते आणि खडा मळकट दिसतो. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश, एवढा इलाज पुरतो.

कच्चा आहे तो भाव

रंगाबद्दल खोटी भीती घालणारे एका बाजूला आहेत, तसे भावाबद्दल खोटी आशा लावणारे दुसऱ्या बाजूला आहेत. दहा वर्षांपूर्वी लॅबचा खडा खाणीच्या खड्यापेक्षा थोडाच स्वस्त होता. यंत्रे वाढली, माल वाढला आणि भाव कोसळला. डी बिअर्स या हिऱ्यातल्या बड्या कंपनीने २०१८ मध्ये 'लाइटबॉक्स' नावाने लॅबचे दागिने कॅरेटला ८०० डॉलर दराने काढले, तेव्हा जग चकित झाले होते. पुढे दर त्याच्याही खाली गेले आणि २०२५ मध्ये तिने हा धंदा बंद करण्याचे जाहीर केले. ज्याने त्या दिवसांत चढ्या भावाने खडा घेतला, त्याच्या खड्याचा रंग तसाच आहे, पण रक्कम उडाली.

अमेरिकेतील जीआयए ही हिरे तपासणारी नामांकित संस्था. रंगाची डी ते झेड ही अक्षरी श्रेणी तिनेच १९५३ मध्ये रूढ केली. लॅबच्या हिऱ्याला ही श्रेणी देणे तिने २०२५ मध्ये बंद केले. आता ती 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' असे दोनच दर्जे देते. यावरून कोणी "पाहा, रंगाचा भरवसा नाही" असे म्हणू लागला तर ऐकू नका. बहुतेक खडे वरच्या एका लहान पट्ट्यातच बसतात, मग बारीक श्रेणीला अर्थ उरत नाही, हे तिचे कारण आहे. माल मुबलक झाला, इतकाच त्याचा मतलब.

म्हणून मुलीच्या शादीत पुंजी म्हणून, अडीअडचणीला मोडता येईल म्हणून कोणी लॅबचा हिरा घेत असेल तर त्याला थांबवावे. पुंजीला सोने बरे. हौस म्हणून, कमी पैशांत मोठा आणि स्वच्छ खडा हवा म्हणून घेत असेल तर जरूर घ्यावा. खाणीचा हिराही विकायला गेलो तर घेतलेला भाव देतो असे नाही, हेही लपवू नये.

आपण काय करावे?

१) बिलावर 'लॅबग्रोन हिरा' असे स्पष्ट लिहून घ्यावे आणि द्यावे. नुसते 'डायमंड' लिहिणे म्हणजे भांडणाचे बी पेरणे.

२) कागदावरचा नंबर आणि खड्याच्या कडेवरचा नंबर गिऱ्हाइकासमोर भिंगातून जुळवावा. अंगठी दुरुस्तीला देताना आणि परत घेताना पुन्हा जुळवावा. यात गिऱ्हाइकापेक्षा कारागिराचे संरक्षण जास्त आहे.

३) दागिना पांढऱ्या सोन्याचा असेल तर रोडियम झिजणार आणि पुन्हा करावे लागणार, हे विकतानाच सांगावे.

४) परत घेण्याचा दर विचारावा. तो लेखी मिळत नसेल तर परत घेणार नाहीत असेच समजावे.

५) खडा पिवळा दिसला तर आधी धुवावा, मग पांढऱ्या कागदावर उलटा धरून दिवसाच्या उजेडात पाहावा. तोवर कोणाचे नाव घेऊ नये.

व्यापारी बंधूंनो, खाणीचा माल विकणाऱ्याने लॅबच्या मालाला ऐब लावू नये आणि लॅबचा माल विकणाऱ्याने भावाचा ऐब झाकू नये. दोघांचीही दुकाने खरे बोलून चालू शकतात. आम्ही तर हिऱ्याचे व्यापारीही नव्हतो. आमचा त्यात एक पैशाचा फायदा नव्हता. तरी केवळ चार लोकांत जाणकार ठरावे म्हणून बोललो आणि एका घराची चूल पंधरा दिवस मंद झाली. आता गादीवर कोणी आमच्या धंद्याबाहेरचे काही विचारले तर आम्ही सांगतो, "भाई, आम्हाला माहीत नाही. विचारून सांगतो." आणि विचारूनच सांगतो.